मोरीपासून कान्हपर्यंत: सांडपाणी प्रक्रियेची परिभाषा, नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

इंदूरच्या नळाला येणारे पाणी बहुतांशी नर्मदेचे असते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा चढ चढवून ते माळव्याच्या पठारावर आणले जाते. वापरून झाल्यावर मात्र ते नर्मदेकडे परतत नाही. शहराचा उतार उत्तरेकडे असल्यामुळे ते सरस्वती आणि कान्ह या नद्यांच्या खोऱ्यातून क्षिप्रेला, क्षिप्रेतून चंबळेला आणि पुढे यमुना-गंगेला मिळते. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी आपण अडवतो, आपल्या मोऱ्या-संडासांतून वापरतो आणि बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावतो. त्या वाटेवर पहिले मोठे तीर्थ उज्जैन आहे, आणि कान्ह क्षिप्रेला मिळते ती उज्जैनच्या अलीकडे, त्रिवेणीपाशी. म्हणून इंदुरात सांडपाण्यावर नीट प्रक्रिया होते की नाही, हा प्रश्न इंदूरपुरता राहत नाही.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिला आहे: सोसायटीच्या समितीवर निवडून आल्यामुळे ज्यांच्याकडे अचानक एसटीपीची, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, जबाबदारी आली आहे ते सदस्य, प्रक्रिया केंद्रावर नव्याने रुजू झालेले ऑपरेटर व प्रयोगशाळा सहायक, आणि आपल्या वॉर्डातील ड्रेनेजची चौकशी करू इच्छिणारे नागरिक. या क्षेत्रातील शब्द यादी करून पाठ केले तर ते लवकर विसरले जातात. त्याऐवजी पाण्याच्या मागोमाग चालावे, आणि प्रत्येक शब्दाबरोबर दोन गोष्टी वहीत लिहाव्यात: त्याचे एकक कोणते, आणि तो कोणत्या जागी मोजतात. जागा आणि एकक नसलेला आकडा या कामात निरुपयोगी असतो.

पहिली पायरी: पाणी किती, हे आधी ठरवा

मोठ्या केंद्राची क्षमता एमएलडीमध्ये सांगतात, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटरच्या पटीत. सोसायटीच्या केंद्राची क्षमता केएलडीमध्ये, म्हणजे दिवसाला हजार लिटरच्या पटीत सांगतात. भूमिगत ड्रेनेज असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरण्याचा आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते असे मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे माणशी १०८ लिटर. हजार रहिवाशांच्या सोसायटीला १०८ केएलडीचे गणित लागू होते. इंदूरच्या कबीटखेडी येथील २४५ एमएलडीचे केंद्र याच हिशेबाने साधारण साडेबावीस लाख माणसांचे सांडपाणी पेलू शकते.

हे पाणी दिवसभर सारखे येत नाही. सकाळी आंघोळी, धुणी आणि भांडी एकदम होतात, दुपारी प्रवाह मंदावतो आणि मध्यरात्रीनंतर जवळजवळ थांबतो. सर्वाधिक प्रवाह सरासरीच्या किती पट असतो, त्या आकड्याला पीक फॅक्टर म्हणतात. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी तो ३ धरतात आणि साडेसात लाखांच्या वर २ धरतात, कारण वस्ती मोठी असली की सगळ्यांच्या वेळा एकमेकांत मिसळून जातात. लहान केंद्रे मोठ्या केंद्रांपेक्षा अधिक वेळा बिघडण्याचे एक कारण इथे आहे. त्यांना चढउतार जास्त सोसावा लागतो आणि ते सोसण्यासाठी लागणारी समतोल टाकी, म्हणजे इक्वलायझेशन टँक, बहुधा जागा वाचवण्यासाठी लहान ठेवलेली असते. नवे केंद्र ताब्यात घेताना समितीने सर्वात आधी हीच टाकी मोजून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याचे प्रकारही इथेच ओळखून घ्यावेत. संडासातून येते ते मैलापाणी आणि आंघोळ, धुणी व स्वयंपाकघर यांतून येते ते धूसर पाणी. दोन्ही एकत्र झाली की त्याला घरगुती सांडपाणी म्हणतात. कारखान्यांचे पाणी वेगळे मोजतात आणि त्यासाठी ईटीपी, म्हणजे कारखान्याचे स्वतःचे प्रक्रिया केंद्र, किंवा अनेक कारखान्यांची मिळून सीईटीपी असते, कारण रंग, आम्ल आणि जड धातू घरगुती केंद्रातील जिवाणूंना मारू शकतात. पावसाचे पाणी तिसरे. ते ड्रेनेजमध्ये शिरू नये, अशी अपेक्षा असते.

दुसरी पायरी: लाईनचा माग काढा

घरातून निघालेली नळी आधी अंगणातल्या चेंबरला, तिथून गल्लीतल्या लाईनला, मग मुख्य लाईनला आणि शेवटी ट्रंक लाईनला मिळते. हा सगळा प्रवास शक्यतो उतारावर होतो. उतार इतका हवा की पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहील. त्याहून मंद झाले की मैला आणि वाळू तळाशी बसते आणि लाईन चोक होऊ लागते. या किमान वेगाला स्वयंसफाई वेग म्हणतात. वेग फारच वाढला, म्हणजे सेकंदाला तीन मीटरच्या पुढे गेला, तर वाळू नळीचा तळ खरवडते. जिथे जमीन साथ देत नाही तिथे पाणी एका खोल विहिरीत गोळा करून पंपाने वर उचलतात. ती विहीर म्हणजे वेट वेल आणि ती सारी जागा म्हणजे पंपिंग स्टेशन.

इंदुरात नाला टॅपिंग हा शब्द वारंवार ऐकू येतो. घरांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी थेट नाल्यात किंवा नदीत सोडणारी तोंडे शोधून काढायची, ती बंद करायची आणि ते पाणी ट्रंक लाईनकडे वळवायचे, असे ते काम आहे. कृष्णपुरा छत्रीपाशी जिथे सरस्वती आणि कान्ह एकत्र येतात, तिथून वर दोन्ही काठांनी चालत गेल्यास हे काम किती चिकाटीचे आहे हे समजते. भिंतीआडून निघालेली एक नळीसुद्धा राहिली तर त्या पट्ट्यातले पाणी पुन्हा काळे होते. २०२१ साली इंदूर देशातील पहिले वॉटर प्लस शहर घोषित झाले. त्या प्रमाणपत्राचा गाभा हा आहे की घरे, दुकाने आणि संस्था यांचे सांडपाणी प्रक्रियेशिवाय निसर्गात सोडले जाऊ नये. पण तोंड बंद करणे हे एकदाचे काम नाही. नवे बांधकाम, चोक झालेली लाईन किंवा पावसाळ्यात फुटलेले चेंबर यांमुळे जुनी तोंडे पुन्हा वाहू लागतात, म्हणून वॉर्डातील नागरिकांचे डोळे या टप्प्यावर सर्वाधिक उपयोगी पडतात.

लाईन चोक होण्याचे मोठे कारण तेल आहे, आणि कचोरी, जिलेबी, समोसे आणि गराडू तळणाऱ्या आपल्या शहरात ते विशेष लक्षात ठेवावे लागते. गरम तेल मोरीत सहज वाहून जाते. पुढे थंड झाले की नळीच्या आतल्या बाजूला चिकटते आणि त्यावर केस, चिंध्या आणि प्लास्टिक अडकून थर वाढत जातो. उपाहारगृहाच्या मोरीपुढे ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी पेटी, बसवणे आणि तो नियमित उपसणे हा यावरचा साधा उपाय आहे. न उपसलेला ट्रॅप हा नसलेल्या ट्रॅपसारखाच असतो.

जिथे ड्रेनेज पोहोचलेले नाही, तिथे सेप्टिक टँक असते. तिच्यात मैला तळाशी बसून प्राणवायूविना कुजतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. हे वरचे पाणी स्वच्छ नसते, कारण त्यातली निम्म्याहून अधिक सेंद्रिय घाण बहुधा तशीच राहिलेली असते. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते आणि उपसलेला गाळ टँकरने प्रक्रिया केंद्रावरच गेला पाहिजे.

पिण्याच्या पाण्याची लाईन ड्रेनेजच्या लाईनपासून दूर आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी, हा नियमही इथेच शिकून घ्यावा. नळाला दिवसातून काही वेळच पाणी येत असेल, तर उरलेल्या वेळी ती नळी रिकामी व दाबाविना असते, आणि तिच्यात तडा असल्यास शेजारच्या गळक्या चेंबरमधले पाणी आत ओढले जाते. नळाच्या पाण्याला पहिल्या काही मिनिटांत वास येत असेल, तर ती तक्रार ड्रेनेजची समजून तातडीने करावी आणि तोवर पाणी उकळून घ्यावे.

या पायरीवरची सर्वात गंभीर सूचना पुढीलप्रमाणे आहे. चेंबर, मॅनहोल, वेट वेल किंवा सेप्टिक टँक यांत कोणालाही उतरवू नये. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास थांबतो. वास गेला म्हणून हवा चांगली झाली असे समजून उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही त्याच्या मागे जातो. हाताने मैला उपसण्यास आणि सुरक्षा साधनांविना गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती आणि २०२३ मध्ये ती तीस लाख केली. सोसायटीचे चेंबर तुंबले की ओळखीच्या माणसाला पाचशे रुपये देऊन आत उतरवण्याची पद्धत अजूनही दिसते. समितीच्या सदस्यांनी ती आपल्या आवारात एकदाही चालू देऊ नये. पाण्याच्या जोरदार झोताने लाईन मोकळी करणारे जेटिंग मशीन मागवावे, आणि ते येईपर्यंत संडास बंद ठेवावे लागले तरी ठेवावेत.

तिसरी पायरी: जाळी आणि वाळू

केंद्रावर पाणी आले की ते आधी जाळ्यांतून जाते. भरड जाळीच्या सळ्यांमधील अंतर साधारण २० मिलिमीटर आणि बारीक जाळीचे ६ मिलिमीटर असते. त्यानंतर ग्रिट चेंबरमध्ये वेग कमी करून वाळू खाली बसवतात. इथे रसायनशास्त्र काही नाही, पण दुर्लक्ष झाल्यास पंपाचे पाते झिजते, हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर बुजतात आणि पुढच्या टाकीची क्षमता वाळूने भरून जाते.

चौथी पायरी: घाण कशी मोजतात

सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एक दशांश टक्क्यासाठी हा सारा खटाटोप आहे, म्हणून मोजमाप मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये करतात.

टीएसएस म्हणजे गाळणकागदावर अडकणारे, तरंगते घन पदार्थ. हे सर्वात सोपे मोजमाप आहे: ठरावीक पाणी गाळायचे, कागद १०३ ते १०५ अंशांवर वाळवायचा आणि वजन करायचे.

बीओडी समजायला थोडा वेळ द्यावा लागतो. पाण्यातील सेंद्रिय घाण खाताना जिवाणूंना प्राणवायू लागतो; ठरावीक दिवसांत, ठरावीक तापमानाला त्यांनी किती प्राणवायू खर्च केला, तो आकडा म्हणजे बीओडी. याचा अर्थ बीओडी हा घाणीचे वजन सांगत नाही, तर ती घाण नदीत गेली असती तर नदीचा किती प्राणवायू संपवला असता, हे सांगतो. मासे मरतात ते बहुधा विषाने नव्हे, तर या प्राणवायूच्या टंचाईने. भारतात ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस करण्याची पद्धत आहे, तर अन्यत्र २० अंशांना पाच दिवस करतात. म्हणून अहवालावर दिवस आणि तापमान लिहिलेले आहे की नाही ते पाहावे. बाटलीतल्या पाण्यात प्राणवायू विरघळून विरघळून आठ-नऊ मिलिग्रॅमच राहतो, आणि कच्च्या सांडपाण्याची मागणी अडीचशेची असते, त्यामुळे नमुना आधी बऱ्याच पट पातळ करावा लागतो. नवख्या प्रयोगशाळेत आकडे चुकतात ते बहुधा याच पातळ करण्यात.

हा अडीचशेचा आकडा कुठून येतो, तेही करून पाहता येते. माणशी रोज साधारण २७ ग्रॅम बीओडी धरतात, आणि ती १०८ लिटर पाण्यात मिसळली की लिटरला २५० मिलिग्रॅम होतात. आपल्या सोसायटीच्या कच्च्या पाण्याचा बीओडी ६० आला, तर रहिवासी फार स्वच्छ आहेत असा अर्थ होत नाही; लाईनमध्ये भूजल किंवा पावसाचे पाणी शिरत असावे किंवा कुठेतरी नळाच्या पाण्याची टाकी सतत वाहून जात असावी.

सीओडी हे बीओडीचे भावंड आहे. इथे जिवाणूंऐवजी पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र आम्ल वापरून दोन तासांत जवळजवळ सगळे सेंद्रिय पदार्थ जाळतात. जे जिवाणूंना खाता येत नाही तेही जळते, म्हणून सीओडी नेहमी बीओडीपेक्षा मोठा असतो. घरगुती सांडपाण्यात तो साधारण दुप्पट असतो. तीनपटीच्या वर गेला तर लाईनमध्ये कोणीतरी कारखान्याचे पाणी सोडत आहे का, हे तपासावे. एखाद्या अहवालात सीओडी बीओडीपेक्षा कमी दिसला, तर तो अहवाल परत पाठवावा.

पाचवी पायरी: जिवाणूंची टाकी

बहुतेक केंद्रांच्या मुळाशी जी पद्धत आहे, ती १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. सांडपाण्यात हवा सोडत राहिली, मग ते निवळू दिले, आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला, तर प्रत्येक वेळी शुद्धीकरण लवकर होते, असे त्यांना आढळले. तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचे पुंजके. विरजणासारखाच त्याचा उपयोग होतो, आणि म्हणूनच नवे केंद्र सुरू करताना दुसऱ्या चालू केंद्रातून टँकरभर गाळ आणून टाकतात.

टाकीतील या तरंगत्या गाळाचे प्रमाण म्हणजे एमएलएसएस. त्यातला जळून जाणारा, म्हणजे ढोबळमानाने जिवंत भाग एमएलव्हीएसएस. हवेतून पाण्यात विरघळलेला प्राणवायू म्हणजे डीओ. तो टाकीत लिटरला दीड ते दोन मिलिग्रॅम ठेवतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी जिवाणूंची भूक वाढते, त्यामुळे मे महिन्यात हवा पुरवणारे ब्लोअर जास्त वेळ चालवावे लागतात. वीज वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद करणाऱ्या सोसायट्या सकाळी सडका वास आणि काळसर गाळ पाहतात, तो त्या बचतीचा परिणाम असतो.

आता हजार रहिवाशांच्या सोसायटीचे गणित पुढे नेऊ. रोज येणारे अन्न २७ किलो बीओडी. हवेची टाकी ६० घनमीटरची आणि एमएलएसएस लिटरला ३००० मिलिग्रॅम असेल, तर टाकीत १८० किलो गाळ आहे. अन्न भागिले गाळ, म्हणजे २७ भागिले १८०, उत्तर ०.१५, याला एफ टू एम गुणोत्तर म्हणतात. दीर्घ हवामिश्रणाच्या लहान केंद्रांत ते ०.१ ते ०.१८ असावे, म्हणजे हे केंद्र ठीक चालले आहे. पाणी टाकीत किती वेळ थांबते तो एचआरटी: ६० घनमीटर टाकी, दिवसाला १०८ घनमीटर पाणी, म्हणजे सव्वातेरा तासांच्या आसपास. गाळ टाकीत किती दिवस राहतो तो एसआरटी: रोज ९ किलो गाळ बाहेर काढला, तर १८० भागिले ९, म्हणजे वीस दिवस. पाणी तासांत निघून जाते आणि जिवाणू मात्र दिवसांनुदिवस राहतात. या दोन काळांना एकमेकांपासून वेगळे करता आले, हेच आर्डर्न-लॉकेट पद्धतीचे मर्म आहे.

रोज सकाळी करायची एक चाचणी नवख्याने स्वतःच्या हाताने करावी. हवा चालू असताना टाकीच्या मध्यातून एक लिटर मिश्रण काचेच्या मापपात्रात घ्यावे, सपाट जागी सावलीत ठेवावे आणि हलवू नये. पहिल्या एक-दोन मिनिटांत तपकिरी पुंजके एकमेकांना धरू लागतात. पाचेक मिनिटांत वर निवळ पाण्याचा पट्टा दिसू लागतो आणि त्याची खालची कड स्पष्ट असते. तीस मिनिटांनी गाळाची पातळी वाचावी. ती ३०० मिलिलिटरवर असेल, तर तो एसव्ही-३० झाला. त्याला हजाराने गुणून एमएलएसएसने भागले की एसव्हीआय मिळतो: ३०० गुणिले १००० भागिले ३०००, म्हणजे १००. शंभराच्या आसपासचा गाळ चांगला बसतो. दीडशेच्या वर जाऊ लागला की तंतुमय जिवाणू वाढत आहेत, गाळ फुगत आहे आणि तो पाण्याबरोबर बाहेर जाण्याचा धोका आहे. गाळ नीट बसला पण वरचे पाणी गढूळ राहिले, तर गाळ फार जुना झाला असावा किंवा काही विषारी आले असावे. बसलेला गाळ तासा-दोन तासांनी ढेकळांसारखा पुन्हा वर आला, तर त्यात नायट्रोजन वायू तयार होत आहे. टाकीवर पांढरा हलका फेस असेल तर गाळ कोवळा आहे, आणि दाट तपकिरी साय धरत असेल तर तो म्हातारा किंवा तेलकट आहे. महागड्या मीटरपेक्षा हे एक मापपात्र ऑपरेटरला जास्त शिकवते.

कबीटखेडीचे २४५ एमएलडीचे केंद्र एसबीआर पद्धतीचे आहे. जुन्या एएसपी (सक्रिय गाळ) पद्धतीत हवेची टाकी वेगळी आणि निवळण्याची टाकी वेगळी असते, आणि बसलेला गाळ पंपाने परत आणावा लागतो. त्या परतीच्या गाळाला आरएएस म्हणतात. एसबीआरमध्ये एकाच टाकीत वेळ वाटून घेतलेली असते: आधी पाणी भरत हवा द्यायची, मग हवा बंद करून निवळू द्यायचे, मग डिकँटर नावाचे हलते साधन हळूहळू खाली येत वरचे निवळ पाणी काढून घेते, आणि चक्र पुन्हा सुरू होते. अशा अनेक टाक्या आळीपाळीने चालतात, म्हणून येणारा प्रवाह थांबवावा लागत नाही. शिक्षण सहलीला गेलात तर हवा बंद होण्याच्या वेळी टाकीच्या काठावर उभे राहा. मापपात्रात जे पाहिले तेच तिथे तलावाएवढ्या आकारात दिसते.

त्याच कबीटखेडीत जुने केंद्र युएएसबी पद्धतीचे होते. तिथे हवा देत नाहीत. पाणी खालून वर चढते, गाळाच्या जाड थरातून जाते आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू घाणीचा मिथेन बनवतात. विजेचा खर्च फार कमी असतो, पण बाहेर पडणारे पाणी आजच्या निकषांइतके स्वच्छ नसते आणि त्यावर पुढची प्रक्रिया करावी लागते. एमबीबीआर म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या तुकड्यांवर जिवाणू वाढवण्याची पद्धत, आणि एमबीआर म्हणजे निवळण्याऐवजी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून पाणी ओढण्याची पद्धत. सोसायट्यांना ही दोन नावे विक्रेत्यांकडून हमखास ऐकू येतात. एमबीआरचे पाणी उत्तम असते, मात्र पटले धुण्याची आणि काही वर्षांनी बदलण्याची तयारी नसेल तर ती घेऊ नये.

नायट्रोजनबद्दल इतके पुरे. मूत्रातला अमोनिया काही जिवाणू भरपूर हवेत नायट्रेटमध्ये बदलतात, हे नायट्रीकरण; मग दुसरे जिवाणू हवा नसलेल्या, अॅनॉक्सिक भागात त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात, हे विनायट्रीकरण. पहिल्या कामाला एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणून ते महाग असते.

सहावी पायरी: निर्जंतुकीकरण

निवळ दिसणाऱ्या पाण्यातही रोगजंतू असतात. त्यांची खूण म्हणून फिकल कोलिफॉर्म मोजतात, आणि त्याचे एकक एमपीएन, म्हणजे सर्वाधिक संभाव्य संख्या, प्रति १०० मिलिलिटर असते. क्लोरीन दिल्यावर पाणी निदान अर्धा तास संपर्क टाकीत थांबले पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन किंवा अतिनील किरण कितीही वाढवले तरी पुंजक्यांच्या आतले जंतू वाचतात, तेव्हा दोष आधीच्या पायरीत शोधावा.

सातवी पायरी: गाळाचे काय

पाण्यातून काढलेली घाण नाहीशी होत नाही. तिचा काही भाग वायू होतो आणि उरलेला गाळ होतो. एखादे केंद्र उत्तम पाणी सोडते असे सांगत असेल आणि गाळ कधीच बाहेर नेत नसेल, तर तो गाळ रात्री पाण्याबरोबर जात असतो. समितीने एसटीपीच्या ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: या महिन्यात किती गाळ निघाला आणि तो कुठे गेला?

आपल्या उदाहरणातला रोजचा ९ किलो कोरडा गाळ टाकीतून निघतो तेव्हा त्यात घन भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. ०.८ टक्के धरल्यास ते सव्वाअकराशे लिटर काळे पाणी होते. थिकनर आणि सेंट्रिफ्यूज किंवा फिल्टर प्रेस यांतून काढून तो २० टक्क्यांवर आणला की उरतो फक्त ४५ किलोचा ओला केक. केकमध्ये रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात, त्यामुळे तो ताजा बागेत टाकू नये. काडीकचऱ्यात मिसळून कुजवताना ढीग आतून ५५ अंशांच्या वर काही दिवस तापला पाहिजे. सेंद्रिय कचरा थर लावून, वेळोवेळी उलटून कुजवण्याची जी पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरातल्या वनस्पती उद्योग संस्थेत विकसित केली. आपल्या शहराचे नाव शेतीच्या इतिहासात खताच्या ढिगामुळे नोंदले गेले आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आठवी पायरी: अहवाल वाचा

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या अधिसूचनेत बाहेर सोडायच्या पाण्याचा बीओडी यादीतली महानगरे आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्या यांसाठी २० आणि इतरत्र ३०, पीएच ६.५ ते ९ आणि फिकल कोलिफॉर्म १००० च्या आत, असे निकष आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये बीओडी १० आणि टीएसएस २० असे अधिक कडक निकष सांगितले. आपल्या केंद्राला नेमके कोणते लागू आहेत, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रावर लिहिलेले असते. अहवाल त्या पत्राशेजारी ठेवूनच वाचावा. बाग, फ्लशिंग किंवा बांधकाम यांसाठी पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर गाळणी आणि कार्बनची तृतीयक प्रक्रिया जोडतात. पुनर्वापराच्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची ठेवावी आणि तिला पिण्याच्या लाईनशी कुठेही जोड नसावा.

अहवालात काढलेल्या घाणीची टक्केवारी ठळक छापतात, पण आधी बाहेरच्या पाण्याचा प्रत्यक्ष आकडा पाहावा. येणारा बीओडी ४०० आणि जाणारा ४० असला तर नव्वद टक्के घाण निघाली, तरी पाणी निकषात बसत नाही. मग नमुन्याचा प्रकार पाहावा. एका क्षणी भरलेला तो ग्रॅब नमुना, आणि दिवसभर ठरावीक अंतराने घेऊन एकत्र केलेला तो कंपोझिट. दुपारी तीनला, प्रवाह मंद असताना घेतलेला ग्रॅब नमुना जवळजवळ नेहमीच उत्तीर्ण होतो. म्हणून समितीने निदान एकदा तरी सकाळी आठ ते दहाच्या गर्दीच्या वेळचा नमुना आपल्यासमोर घ्यायला लावावा. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली वापरावी आणि तिच्यात आधीपासून सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे, कारण ते नसेल तर बाटलीतला उरलेला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवालात आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.